काचेपलीकडचं बोलणं

समजा, एक खोली आहे. तुम्ही तिच्या दाराबाहेर उभे आहात आणि दाराला एक वाटोळी काच बसवलेली आहे, ताटलीएवढी. आत कोणीतरी बोलतंय, पण बाहेर चकार शब्द ऐकू येत नाही. मग काय कराल? ओठांकडे बघाल. आधी वाटेल, काचेच्या भांड्यातला मासा नुसताच तोंड उघडतोय नि मिटतोय. धीर धरा. ओठ एकमेकांना टेकले की प, ब किंवा म. गोल झाले की उ नाहीतर ओ. खालचा ओठ दातांखाली गेला की फ किंवा व. घरी आरशासमोर करून बघा, कोणी बघत नसताना. ‘बाबा’ आणि ‘मामा’ ओठांवर अगदी सारखे दिसतात, म्हणून घाई मात्र करू नका. घाई करणाऱ्याला समोरच्याचे ओठ दिसतच नाहीत, आपल्याच मनातलं दिसतं. आता ती काच, ती खोली तुमच्या डोळ्यांपुढे आली असेल, तर आत खुर्चीवर बसलेल्या त्या माणसाकडे जाऊ.

तो आवाजाचं काम करायचा. दूरदेशीच्या सिनेमांतली, कार्टूनमधली माणसं नि प्राणी आपल्या भाषेत बोलतात ना, ते कोणालातरी बोलावं लागतं, त्याला डबिंग म्हणतात. एक म्हातारं कासव, एक तापट पोलीस, एक बोलकी किटली आणि कितीतरी नवरे, चोर, डॉक्टर त्याच्या गळ्यातून बाहेर पडले होते. पडद्यावरचे ओठ हलायला लागले की त्याच क्षणी आपला शब्द सुरू व्हायचा आणि ते मिटले की मिटायचा. मग स्टुडिओत काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट अंगठा वर करून म्हणायचा, ‘बसले.’ म्हणजे ओठ बसले. या तीन अक्षरांवर त्याचं पोट चाललं होतं, आणि खरं तर त्याचा अभिमानही. घरातल्या अडगळीच्या खोलीच्या भिंतींना त्याने जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, दाराला ती वाटोळी काच बसवून घेतली होती, आणि रात्रीबेरात्री आलेलं किरकोळ काम तो तिथेच उरकायचा. दर शनिवारी संध्याकाळी मात्र त्या खोलीत वेगळंच काही चाले. संगणकाच्या पडद्यावर तीन चौकोन उमटत. एकात समुपदेशक बाई, ज्यांना त्याने प्रत्यक्षात कधीच पाहिलं नव्हतं. एकात त्याची बायको, जी वर्षभरापासून दूरच्या एका गावी, धरणाजवळच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायच्या नोकरीवर गेली होती. तिसऱ्यात तो स्वतः, पाठीमागे गादीच्या निळ्या पट्ट्या. विस्कटत चाललेलं घर बोलून सावरतं का, एवढंच बघायचं होतं. त्यांची लेक त्या वेळात शेजारच्या काकूंकडे पत्ते खेळायला जायची. तिला सगळे टिंब म्हणायचे, कारण ती थोडंच बोलायची आणि तिचं बोलून झालं की विषय संपायचा. त्या शनिवारी बायकोने सुरुवातीलाच सांगितलं, की टिंबच्या शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत काय ते ठरायला हवं: तिघांनी एका घरात राहायचं, की टिंबने आईकडे जायचं नि हे शनिवारचे चौकोनही मिटवून टाकायचे. पुढच्या शनिवारी मी माझं सांगेन, असं ती म्हणाली. आणि मग, कोण जाणे कसं, खाली मान घालून ती जे बोलू लागली ते या सगळ्या शनिवारांत कधी बोलली नव्हती.

आणि नेमका तेव्हाच तिचा आवाज गेला. तिच्या इअरफोनची वायर सैल झाली असावी. चित्र स्वच्छ दिसत होतं, कपाळावरची बट, मागच्या खिडकीतला उजेड, हलणारे ओठ. आवाज तेवढा नाही. बाईंनी हात हलवला, पण ती आपल्या ओंजळीकडे बघत बोलत होती, तिला दिसलं नाही. आता इथे काय झालं ते नीट बघा, कारण पुढचा सगळा आठवडा तो हेच बघत बसला होता. समोर ओठ हलताहेत आणि आवाज नाही, हे दृश्य त्याने इतकी वर्षं रोज पाहिलं होतं, आणि त्यावर करायची एकच गोष्ट त्याला ठाऊक होती. त्याने तोंड उघडलं. ‘मी दमलेय. या घरात माझं कोण ऐकतं? भिंतीला कान असतात म्हणे, आपल्याकडे तर भिंतींना गाद्या आहेत.’ आवाज तिचाच, शब्दाच्या शेवटी जरा खाली घसरणारा, दम लागल्यासारखा. ओठ बसले. इतके बसले, की क्षणभर छातीत ती ओळखीची ऊब पसरली, आता कोणीतरी अंगठा वर करणार. बाईंनी तळहात वर केला, थांबा म्हणून, पण थांबायला त्याला एक वाक्य जास्त लागलं. तेवढ्यात बायकोने हात हलवला, वायर जागेवर बसली आणि तिच्या कानात तिचाच आवाज शिरला, कोणा दुसऱ्याच्या तोंडून. तिने वर पाहिलं. बोलत असलेला तो, तळहात वर धरलेल्या बाई. तिला सगळं कळलं. ती चिडली नाही. बाईंनी समजावलं, आवाज गेला होता, शक्य असेल तर पुन्हा सांगाल का. ती म्हणाली, ‘नाही. एकदाच जमलं ते.’ आणि तिचा चौकोन काळा झाला.

पडदा विझल्यावर त्यात त्याचा चेहरा दिसू लागला. चूक झाली हे कळायला फार अक्कल लागत नाही; पण मनात जे घोळत होतं ते चुकीपेक्षाही साधं होतं आणि जास्त बोचणारं. ती काहीतरी म्हणाली होती. पहिल्यांदाच. ते बोलणं वाचू शकेल असा माणूस तिथे एकच होता, आणि तो त्या वेळी बोलत होता. बाईंना ओठ वाचता येत नव्हते. यंत्रात काही साठवायचं नाही, असा बाईंचा नियम होता. राहिलं काय, तर त्याच्या डोळ्यांत उरलेलं चित्र. रविवारी दाढी करताना त्याने ते चालवून पाहिलं, सोमवारी स्टुडिओच्या जिन्यात पाहिलं, मधेच थांबवून, मागे नेऊन. कुठेतरी ओठ मिटले होते, मग गोल झाले होते, मग मधेच एक थांबा होता, आवंढा गिळल्यासारखा. पण प्रत्येक वेळी त्या ओठांतून त्याचंच वाक्य ऐकू यायचं, भिंती आणि गाद्या. पांढऱ्या कापडावर एकदा रंग सांडला की खालचं विणकाम दिसेनासं होतं, तसं काहीसं. स्टुडिओत त्या दिवशी त्याच्याकडे एका कुत्र्याचं काम होतं, शहाणा, बुटका कुत्रा, मालकाला उपदेश करणारा. त्याचे शब्द सारखे मागे पडू लागले. रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून बटण दाबून विचारलं, ‘काय राजे, कुत्रा तोंड मिटून बसलाय आणि तुम्ही अजून भुंकताय?’ सगळे हसले. तोही हसला, कारण एरवी ही कोटी त्यानेच केली असती. मग पुढचं दृश्य लागलं, कुत्र्याचे ओठ हलले आणि तो नुसता बघत राहिला. बिचाऱ्या कुत्र्याला खरंच काय म्हणायचं असेल, असा एक खुळा विचार त्याच्या डोक्यात आला. डबिंग करून घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, घशाला त्रास दिसतोय, घरी जा.

घरी जाताना पूल लागायचा. पुलावर ऊन होतं, खाली संथ पाणी, आणि त्या पाण्याकडे बघून त्याला लग्नानंतरची पहिली बाल्कनी आठवली. समोरच्या इमारतीतली जोडपी भांडायची, हातवारे करायची, ऐकू काही यायचं नाही. तो दोघांचेही आवाज काढून त्यांचं भांडण इथे बसून लावायचा. कधी बायको नवऱ्याला डायनासोर आणलास का विचारायची, कधी नवरा म्हणायचा मी मुळात पोस्टाची पेटी आहे. बायको हसून हसून भिंतीला टेकायची. म्हणायची, पुरे रे, पोट दुखतं. तेव्हाच कधीतरी तो तिचाही आवाज काढायला शिकला. दुकानात ‘हिला निळा नको, हिला गडद रंग खुलत नाहीत,’ हे तोच सांगायचा. डॉक्टरांनी तिला विचारलं, कुठे दुखतं, तर तोच सांगायचा, कुठे आणि कधीपासून. डॉक्टर कौतुकाने म्हणायचे, काळजी घेतात हो तुमची. तीही मान डोलवायची. तिचे वडील गेले त्या दिवशी जमलेल्यांना तिच्या मनाचं दुःख त्याने इतक्या सुंदर शब्दांत सांगितलं, की मावशींनी त्याचा हात धरला, आणि ती खिडकीशी उभी होती, कोरड्या डोळ्यांनी. त्याला तेव्हा वाटलं होतं, ती बोलू शकत नाही म्हणून मी बोलतोय. हे प्रेमच होतं. आजही त्याला ते खोटं म्हणवेना. पण पुलाच्या मध्यावर तो थांबला, कठड्याला हात टेकले आणि पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, ती बोलू शकत नव्हती, की तिला फक्त जरा वेळ लागत होता?

मग तो टेलिफोन. तिच्या साहेबांचा फोन आला तेव्हा ती आंघोळीला गेली होती. धरणाजवळची जागा रिकामी झाली आहे, त्या जाणार का, एवढंच विचारलं होतं. त्याने हसत सांगितलं, नाही हो, ती कुठली जाते, मुलीची शाळा आहे, शिवाय तिला दमट हवा सोसत नाही. तिला विचारायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, जसं आपण आपल्या डाव्या हाताला विचारत नाही. ती जागा तिने स्वतः अर्ज करून मागितली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांकडून तिला कळलं, की आपण म्हणे जाणार नाही. संध्याकाळी ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, टिंबचा फ्रॉक, त्याचा सदरा, आणि घडी न मोडता म्हणाली, ‘मी नाही जाणार, हे तुला कोणी सांगितलं?’ तो म्हणाला, ‘सांगायला कशाला हवं? मला माहीत होतं.’ तिने सदऱ्याची कॉलर बोटांनी सरळ केली. ‘मलाच माहीत नव्हतं बघ,’ ती म्हणाली. बस, एवढंच. आदळआपट नाही, रडणं नाही. साहेबांना तिने स्वतः होकार कळवला आणि महिना उलटायच्या आत ती गेली. त्याने साऱ्यांना सांगितलं, नोकरीसाठी गेलीय, तिलाही वाईट वाटतंय. हेसुद्धा त्यानेच सांगितलं.

बुधवारी दुपारी तो त्या खोलीत नुसताच बसला होता. काचेत टिंबचा चेहरा उगवला. शाळेतून आलेली, एक वेणी सुटलेली. ती बाहेरून ओठांनी म्हणाली, भूक. हा त्यांचा जुना खेळ होता. ती लहान असताना तो कामात असला की ती काचेशी येऊन उभी राहायची, आणि आतून तो आवाज न करता काहीबाही बोलायचा, तुझ्या नाकावर बेडूक बसलाय, वगैरे, ती ओळखायची. कधी कधी आईही मागे उभी राहून ओळखायची, आणि टिंब नेहमी तिच्या आधी जिंकायची. बेडूक आठवून त्याला हसू आलं आणि त्याच वेळी मनात काहीतरी लख्खकन हललं. तो उठला, बाहेर आला, दार लावून तिच्या जागी उभा राहिला, तिच्या उंचीएवढा वाकून. काचेतून रिकामी खुर्ची दिसत होती आणि खुर्चीच्या खांद्यावरून संगणकाचा अख्खा पडदा. त्याने विचारलं, शनिवारी तू काकूंकडे होतीस ना? टिंब म्हणाली, काकू पत्त्यांत चिडतात, मी लवकर येते. म्हणजे त्या शनिवारी? म्हणजे सगळ्या शनिवारी. ती बिस्किटाच्या डब्याचं झाकण उघडत होती. त्या खोलीतलं तिला कधीच काही ऐकू आलेलं नव्हतं. ती प्रत्येक शनिवारी आईला या काचेतून, आवाजाशिवायच बघत आली होती. आवाज गेला ते तिला कळलंसुद्धा नव्हतं. तिच्यासाठी आई बोलत होती, नेहमीसारखी.

‘तू पण बोलत होतास,’ टिंब म्हणाली. ‘तुझ्या छोट्या चौकोनात दिसत होतं. आईपेक्षा भरभर.’

त्याला खाली बसावंसं वाटलं, तो उंबऱ्यावरच बसला. ज्यासाठी चार रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता ते समोर उभं राहून बिस्किट खात होतं. त्याने आवाज शक्य तितका साधा ठेवला, कासवाचा नाही, पोलिसाचा नाही, आणि विचारलं, आई काय म्हणाली गं तेव्हा? टिंबने घास संपवला. ती त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली, गणित चुकलेल्या मैत्रिणीकडे बघावं तसं. ‘ते आईचं आहे ना,’ ती म्हणाली. ‘मी कसं सांगू? तू तिला विचार.’ तो म्हणाला, ती पुन्हा सांगणार नाही म्हणाली. टिंबने खांदे उडवले. मग त्याने जे केलं त्याची त्याला पुढे बराच वेळ लाज वाटत राहिली: थोडंसं सांग, म्हणाला, रागावली होती का एवढंच सांग, आणि शेवटी, नवी पेन्सिलपेटी आणू का. टिंबने डब्याचं झाकण लावलं, घट्ट, चारही बाजूंनी दाबून. विषय संपला. त्या झाकणाकडे बघताना त्याच्या मनात राग उसळला आणि लगेच ओसरला, आणि ओसरल्यावर तळाशी जे दिसलं ते कौतुक होतं. एवढीशी पोर. तिच्या तोंडात आईचं बोलणं होतं, आणि तिने ते तसंच सांभाळून ठेवलं होतं, दुसऱ्याची वस्तू ठेवतात तसं. त्याच्या हातात तेवढाच वेळ ते असतं, तर त्याने केव्हाच त्याला आपला गळा लावला असता.

त्याच संध्याकाळी त्याने समुपदेशक बाईंना फोन करून सांगितलं, की मुलगी काचेतून सगळं बघत आली आहे. बाई रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, ‘मग आत घ्या तिला या वेळी, आईची हरकत नसेल तर. खिडकीतून बघण्यापेक्षा खुर्चीवर बसलेलं बरं.’ आईची हरकत नव्हती. आणखी काय करू, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, काही करू नका. हे त्याला सगळ्यात अवघड काम वाटलं. बोलायचं काय याची तयारी तो आयुष्यभर करत आला होता. न बोलायची तयारी कशी करतात? गुरुवारी नि शुक्रवारी त्याने करून पाहिली. भाजीवाला बोलत असताना त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं. भाजीवाल्याला मधेच खोकला आला, तरी तो थांबला. काकू आपल्या गुडघ्याबद्दल सांगत होत्या, ‘म्हणजे असं वाटतं ना, की...’ आणि अडल्या, त्याच्या जिभेवर तीन शब्द येऊन उभे राहिले, ठणका, कळ, चमक, आणि त्याने तिन्ही गिळले. काकूंनी शेवटी म्हटलं, की आत कोणीतरी दार वाजवतंय. त्याच्या तिन्ही शब्दांपेक्षा ते चांगलं होतं. ते ऐकून त्याला आनंद झाला, आणि मग वाटलं, वर्षानुवर्षं अशी किती दारं वाजली असतील.

शनिवार आला. त्याने खुर्चीशेजारी टिंबचं स्टूल ठेवलं. चौकोन उमटले. बायकोने टिंबला पाहून हात हलवला, टिंबने हलवला. बाई म्हणाल्या, कोणी सुरुवात करायची? तो म्हणाला, एकच सांगतो. त्याने ते पाठ केलं नव्हतं, म्हणून वाक्य वेडंवाकडंच बाहेर पडलं. ‘गेल्या वेळी तू काय म्हणालीस ते मला माहीत नाही. मी बघतच नव्हतो. त्या साहेबांच्या फोनच्या वेळीसुद्धा नव्हतो. आता बघतोय.’ पुढे एक सुरेख वाक्य तयार होऊन आलं, त्यात विरह होता, पश्चात्ताप होता, शेवटी आवाज जरा चिरकायला जागाही होती. त्याने ते जाऊ दिलं.

मग शांतता पडली. रेडिओवर अशी शांतता पडली तर लोक सुई फिरवतात. गादीच्या भिंतींमुळे त्या खोलीत शांतता जरा जाडच असायची. बायको खाली बघत होती. त्याला तिच्या मागची खिडकी दिसली, खिडकीत एका काचेच्या नळीत खोचलेली पानांची फांदी दिसली, तिने केस कापले आहेत हे दिसलं, आणि ते कधी कापले हे त्याला ठाऊक नव्हतं. तिला वेळ लागत होता, एवढंच. लागू दे, त्याने स्वतःला सांगितलं; आणि स्वतःला सांगतानाही आवाज केला नाही.

टिंब स्टुलावर पुढे सरकली. तिने आवाज न करता, नुसत्या ओठांनी आईला काहीतरी विचारलं. आईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, हसू म्हणता येईल असं, आणि तिनेही ओठांनीच उत्तर दिलं. टिंब पुन्हा काही म्हणाली. मायलेकी काचेच्या दोन बाजूंना उभ्या असल्यासारख्या बोलू लागल्या. आणि त्याच्या लक्षात आलं की हे तो वाचू शकेल. अगदी सहज. नजर वीतभर उजवीकडे नेली की झालं. हे त्यांचं आहे, तो मनात म्हणाला, आणि त्याने तोंड फिरवलं. भिंतीवरच्या गादीच्या निळ्या पट्ट्यांकडे तो बघत राहिला, एक शिवण उसवली होती, त्यातून कापूस डोकावत होता. इतकं बोलणं जवळून चाललेलं असताना त्यातलं काही न घेणं, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा केलं. हात मांडीवर होते. काही करू नका, बाई म्हणाल्या होत्या, आणि तो तेच सगळ्या ताकदीनिशी करत होता.

गालाला चिमुकली बोटं लागली, बिस्किटाच्या चुऱ्याने खरखरीत. टिंबने दोन्ही हातांनी त्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड हळूच पडद्याकडे वळवलं. बायको थेट त्याच्याकडे बघत होती. तिच्या चौकोनाच्या कोपऱ्यात माइकच्या चित्रावर आडवी रेघ होती. आवाज तिने स्वतःच बंद केला होता. जे आवाजाने पुन्हा सांगणं जमणार नव्हतं ते ती तसंच सांगत होती, सावकाश, नवशिक्याला जमेल अशा बेताने, एकेक अक्षर ओठांवर ठेवत. ओठ मिटले. उघडले. म. ला. मला. त्याने श्वास धरला. मला यायचंय. डोळ्यांत पाणी आलं तर दिसणार नाही, म्हणून तो पापणी न हलवता बघत राहिला. ओठ पुन्हा मिटले, उघडले. पण. आणि त्या ‘पण’पाशी ती थांबली, आवंढा गिळल्यासारखी, गेल्या वेळी थांबली होती तिथेच. ‘पण’च्या पुढे काय येतं हे त्याला माहीत होतं, त्याच्याकडे अशी पन्नास वाक्यं तयार होती, आणि त्यातलं एक आपसूक निघालं, घशात आलं, त्याचे ओठ विलग झाले.

टिंबने आपला तळहात त्याच्या तोंडावर ठेवला, आणि आईला मानेने खूण केली, की सांग पुढे.